पाचवं अक्षर

फोरट्रान या संगणकभाषेतले जुने प्रोग्राम नव्या यंत्रांवर चालते करणं हे आमचं रोजचं काम. त्या दिवशी टेबलावर आला तो ‘अ‍ॅडव्हेंचर’. केंटकीतल्या मॅमथ केव्हवर बेतून विल क्राउदर यांनी पीडीपी-१० या तेव्हाच्या संगणकावर लिहिलेला आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी वाढवलेला, ३५० गुणांचा खेळ. चित्र एकही नाही. गुहा, बुटके, चाचा, खजिना, सगळं शब्दांत; खेळणाराही इंग्रजी शब्द टाइप करूनच पुढे जातो.

जी-फोरट्रान या आजच्या फोरट्रान कंपायलरला जुन्या नियमांचा पर्याय देऊन तो कंपाइल झाला, सुरूही झाला. विटांच्या इमारतीसमोर ‘नॉर्थ’ लिहिलं की प्रतिसाद येत होता. त्याचं लघुरूप, नुसतं ‘एन’, लिहिलं तर मात्र काहीच नाही. ‘एस’, ‘ई’, ‘डब्ल्यू’, सगळ्यांना तीच शांतता. त्याहून विचित्र म्हणजे ‘एनई’ (ईशान्य) आणि ‘एसई’ (आग्नेय) एकच मानले जात होते.

पहिला संशय शब्दकोशावर, म्हणजे खेळाला कळणाऱ्या शब्दांच्या यादीवर. वुड्स यांनी प्रत्येक शब्द मेमरीत ठेवताना पी-एच-आर-ओ-जी या पाच अक्षरांशी एक्सॉर केलाय, म्हणजे दोन्हींचे बिट एकत्र करून झाकलाय, कुणी मेमरी चाळून शब्द वाचू नयेत म्हणून. पण टाइप केलेल्या शब्दावरही तोच संस्कार होतो, म्हणजे जुळवणीत फरक पडायला नको. तिथे तासभर वाया गेला.

खरं कारण यंत्राच्या ‘शब्दा’च्या, म्हणजे मेमरीतल्या एका कप्प्याच्या, लांबीत होतं. पीडीपी-१० चा असा कप्पा ३६ बिटांचा. सात-सात बिटांची पाच अक्षरं त्यात बसतात आणि एक बिट उरतो. म्हणून सगळीकडे ए-५ फॉरमॅट, म्हणजे एका वेळी पाच अक्षरं वाचायची सूचना. आपल्या यंत्रावर साधा पूर्णांक ३२ बिटांचा, त्यात आठ बिटांची चारच अक्षरं मावतात. आणि फॉरमॅट चलापेक्षा, म्हणजे अक्षरं ठेवायच्या जागेपेक्षा, रुंद असेल तर फोरट्रान उजवीकडची अक्षरं ठेवतो, डावीकडची टाकतो. ‘एन’ आणि पुढच्या चार मोकळ्या जागांतून पहिलं अक्षर गेलं की उरतात चार मोकळ्या जागा. प्रोग्रामच्या लेखी कुणी काही लिहिलंच नाही. ‘एनई’ आणि ‘एसई’ या दोन्हींतून ‘ई’ तेवढा उरतो.

घाईत बहुतेक जण इथे ए-५ चं ए-४ करतात. मीही केलं, आणि दिशा सुरळीत झाल्या. ही दुरुस्ती जास्त धोक्याची, कारण चूक आता खोल गुहेत लपते. ‘केव्ह’ आणि ‘कॅव्हर्न’ हे कोशात वेगळे शब्द आहेत, क्रमांक ६७ आणि ७३. चार अक्षरांपर्यंत दोन्ही सारखेच: सी, ए, व्ही, ई. शोध वरून खाली चालतो, त्यामुळे ६७ आधी सापडतो आणि ७३ पर्यंत कुणी पोचत नाही. ओरिएंटल रूममध्ये ‘कॅव्हर्न’ लिहिलं की धुक्याच्या दालनात जायला हवं. त्याऐवजी खेळ आणखी नेमक्या सूचना मागत बसला.

शेवटी वाचन आणि तुलना कॅरॅक्टर-५ या पाच अक्षरं धरणाऱ्या प्रकारात नव्याने लिहिली. एक्सॉर काढून टाकला, ३६ बिटांसाठीचे ऑक्टल मास्कही (हवे ते बिट निवडणारे आकडे) काढले. आठ बिटांच्या अक्षरांवर त्यांचा उपयोग शून्य. तपासणीसाठी आज्ञांची फाइल केली आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे ते ज्यावरून निघतात तो पहिला आकडा, पक्कं बांधलं. मुळात ते घड्याळावरून येतं, त्यामुळे दर वेळी बुटका निराळ्याच वळणावर सुरी फेकतो आणि दोन खेळींची तुलना होत नाही. सुरुवातीच्या ‘सूचना हव्यात का’ला ‘हो’ म्हणायचं, म्हणजे कंदील १००० चाली पुरतो. ‘नाही’ म्हटलं तर ३३०, आणि लांबची तपासणी अंधारात अडकते.

सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आता जागा आहे तर आठ अक्षरं घेऊ. घेतली नाहीत. कोशात ‘फॉरेस्ट’ची पाचच अक्षरं नोंदलेली आहेत, सहावं वाचलं की शब्द जुळणार नाही. शिवाय खेळ स्वतःच सुरुवातीला बजावतो: मी पहिली पाच अक्षरंच बघतो, म्हणून ‘नॉर्थईस्ट’ला ‘एनई’ लिहा, नाहीतर ते ‘नॉर्थ’ होईल.