तळ लागला की आधी इंजिन बंद

गेल्या आठवड्यात कर्लीच्या खाडीत माझ्या होडीतल्या एका पुणेकर पाहुण्याने विचारलं, "एवढ्याशा पाण्यात तुमच्या इंजिनाचा पंखा तळाला लागत कसा नाही हो?" मी नुसता हसलो. आमच्या पडवीत तीन पंखे टांगलेत, तिन्हींची पाती वाकडी. ते त्याने पाहिले नव्हते.

मालवणजवळचं आमचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची बेटं वर येतात, त्यातल्याच एकाला पाहुणे त्सुनामी आयलंड म्हणतात. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, तेवढ्यात नदी आपला रस्ता बदलून मोकळी. गेल्या मोसमात जिथे पुरुषभर पाणी होतं तिथे या मोसमात बगळे उभे. बगळा उभा दिसला की तिथे होडी घालायची नाही, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल.

आमची फायबरची होडी अठरा फुटी. तिला स्वतःला वीतभर पाणी पुरतं, पण इंजिनाचा पाय दीड-दोन फूट खाली लोंबतो. सगळी भानगड त्या पायाची.

दोन वर्षांपूर्वीची त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आमच्या घरच्या आबांचा हिशोब. तेराची पाऊणपट पावणेदहा. वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण माझ्या मोबाइलातलं ॲपही फार वेगळं सांगत नाही. मी सहा माणसं घेऊन निघालो अकराला, म्हणजे सुकती लागल्यावर, ओहोटी सुरू झाल्यावर. पुनव जवळ आलेली, उधाणाचे दिवस, पाणी भराभर उतरत होतं. आबा नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसलेले. बेटाच्या मागून जवळच्या वाटेने काढू म्हटलं आणि खर्रर्र झालं.

तिथे मी गाढवपणा केला. रिव्हर्स टाकला आणि इंजिनाची वेगाची मूठ पिळली.

पुढे जाताना इंजिन कशावर आपटलं तर ते मागून वर उचललं जातं, धक्का निम्मा होतो. रिव्हर्सला मात्र ते उसळून बाहेर येऊ नये म्हणून खाली खटका अडकतो, त्यामुळे सगळा मार पंख्यावर आणि गिअरवर. शिवाय पंखा उपसलेली वाळू पुढे होडीखालीच ढकलतो. म्हणजे आपणच आपल्याला पुरायचं. आणि तेच गढूळ पाणी इंजिन थंड व्हायला आत ओढलं जातं. मागून पडणारी पाण्याची धार आधी तपकिरी झाली, मग करंगळीएवढी, मग नुसते थेंब. तापलेल्या रबराचा वास आला तेव्हा आबा ओरडले, "बंद कर मरे ता! खाली उतर!"

उतरलो. पाणी गुडघ्याच्याही खाली. इंजिन हाताने वर उचलून होडी ढकलेपर्यंत तीही पुरती बसली होती. पाणी परत चढेपर्यंत सहा पाहुणे आणि आम्ही दोघे बेटावर, सोबत एक कलिंगड. पैसे अर्थातच परत केले. दुसऱ्या दिवशी पाणी खेचणारा पंप खोलला तर इंपेलरची, म्हणजे आतल्या रबरी चक्राची, दोन पाती तुटलेली, आत वाळूचा रवा.

तेव्हापासून उथळात मी चढत्या पाण्यावरच जातो. भरतीत अडकलात तर पाणी स्वतःच येऊन सोडवतं. सुकतीत अडकलात तर बसा कलिंगड खात.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना पटत नाही. उथळ आलं की जोरात काढून जावं असं वाटतं, पण मूठ पिळल्याबरोबर होडीची नाळ वर उठते आणि मागची बाजू खाली दबते, नेमकी पंखा आहे तीच. म्हणून मी उलट करतो. वेग अगदी चालण्याएवढा, दोन जाड्या पाहुण्यांना गोड बोलून नाळेकडे पाठवायचं, खटका सोडून इंजिन थोडं वर घ्यायचं. फार वर नाही, पाणी खेचायची जाळी बुडालेली हवी. नजर मागच्या धारेवर. धार बारीक झाली की बंद, मग बांबूने रेटायचं. पाणी किती ते कळावं म्हणून बांबूला तांबड्या ऑइलपेंटने दोन फुटांवर पट्टा मारलाय.

आधीच्या छोट्या इंजिनाला पंख्यात पितळेची पिन होती. आपटलं की ती तुटायची आणि गिअर वाचायचा. एकदा पिन संपली म्हणून मी लोखंडी खिळा कापून घातला होता. खिळा शाबूत राहिला. गिअर गेला. त्या दिवशी आबा माझ्याशी जेवेपर्यंत बोलले नाहीत.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं इंजिन चालवतो, कधीतरी पंखा काढून दांड्याला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलाय का बघतो. तंगूस सील कापतो, मग गिअरच्या तेलात पाणी शिरून ते दुधाळ होतं.

त्या पुणेकराला घेऊन परत येताना बेटाशी पोचलो तेव्हा पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं. जवळची वाट दिसत होती, माझा हात मुठीवर गेला. नाळेवर आबा खोकले.

मी लांबून वळसा घेतला.