थायलंडच्या खेड्यात घराच्या पुस्तकात नाव लावलं, माझा अनुभव

बरेच जण विचारतात की तू तिकडे खेड्यात राहतोस तर रेशनकार्डासारखं काही असतं का, तर असतं. त्याला थबियन बान म्हणतात, घराची नोंदवही. थाई माणसांची निळी असते आणि परदेशी माणसाची पिवळी, तिचा सरकारी फॉर्म नंबर तोर रोर 13. ह्या पिवळ्या पुस्तकात नाव लागायला मला 2023 चा जून ते नोव्हेंबर लागला, म्हणून लिहून ठेवतोय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं गाव रॉय एत प्रांतात आहे, ईसानमध्ये म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात. रॉय एत म्हणजे एकशेएक, प्रांताचं नावच तसं आहे. गावाच्या दक्षिणेला थुंग कुला रोंगहाय नावाचं मोठं सपाट माळरान, म्हणजे कुला लोक रडले ते मैदान. हे कुला म्हणजे जुने व्यापारी, ते मैदान तुडवताना पाण्यावाचून रडले अशी गोष्ट सांगतात, आणि आज तिथेच जगात जाणारा जास्मिन तांदूळ पिकतो. घर सासूबाईंच्या नावावर आहे कारण परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. बँकॉकमधली नोकरी सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा सासूबाई एकट्या होत्या, आणि इकडे पहिल्यापासून जावईच बायकोच्या घरी राहायला येतो त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पिवळं पुस्तक कशाला हवं? लायसन, स्कूटर नावावर करणं, प्रत्येक वेळी राहत्या पत्त्याचा दाखला आणायला इमिग्रेशन ऑफिसला जावं लागायचं. पुस्तक असलं की पत्त्याचा पुरावा घरात असतो. पण नीट समजून घ्या, ह्याने व्हिसा मिळत नाही. माझं मॅरेज एक्स्टेन्शन, म्हणजे थाई बायकोमुळे मिळणारी राहण्याची मुदतवाढ, दरवर्षी करावंच लागतं (बँकेत 4 लाख बाट दोन महिने आधीपासून पडून पाहिजेत, फी 1,900 बाट) आणि दर 90 दिवसांनी पत्ता कळवणंही सुटत नाही.

तालुक्याच्या ऑफिसला अम्फो म्हणतात. पहिल्यांदा गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की परदेशी माणसाला हे मिळत नाही. बायको काही बोलली नाही, शांतपणे आत जाऊन पलादना म्हणजे उपअधिकाऱ्यांना भेटली आणि यादी लिहून घेऊन आली. पासपोर्टच्या झेरॉक्सवर आपल्या एम्बसीचा शिक्का, मग त्याचं थाई भाषांतर, त्यावर बँकॉकला चेंग वत्थना भागातल्या थाई परराष्ट्र खात्याच्या ऑफिसचा शिक्का, लग्नाचा दाखला, घर नंबर दिसेल असे घराचे फोटो, दोन साक्षीदार आणि घरमालकीण स्वतः हजर. आणि प्रत्येक झेरॉक्सवर 'खरी प्रत' असं थाईत लिहून सही, ते मी शेवटी बघून बघून लिहायला शिकलो.

रात्रीच्या बसने बँकॉक, तिथे भाषांतरवाला, सगळं दोन दिवसात झालं आणि आनंदात परत आलो. पलादनी कागद उघडले आणि दोन चुका दाखवल्या. एक म्हणजे भाषांतर फक्त पासपोर्टच्या पहिल्या पानाचं होतं, आणि इथे घराच्या पुस्तकात प्रत्येकाच्या आईवडिलांचं नाव आणि देश लिहावाच लागतो. माझ्या पासपोर्टवर आईवडील शेवटच्या पानावर आहेत. दुसरी चूक मोठी होती. माझं आडनाव काळे, इंग्रजी स्पेलिंगवरून भाषांतरवाल्याने ते 'खेल' केलं होतं आणि लग्नाच्या दाखल्यावर 'काले' होतं. कागदावर दोन वेगळी माणसं! ही दोघं एकच आहेत हे मी कशावरून मानू, असं पलाद म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं. शिक्क्याचे दोनशे बाट किंवा बसचं भाडं जाऊदे, पण घरी येईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांना वाटत होतं त्यांच्याच घरामुळे अडलं.

दुसऱ्या वेळी बायको भाषांतरवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. आणि इथे मला एक गोष्ट कळली जी दहा वर्षांत कळली नव्हती. थाई लिपीत ळ आहे! त्या अक्षराला चुला म्हणतात, चुला म्हणजे उडवायचा पतंग, उच्चार मात्र ल च करतात. काळे मधला ळ लग्नाच्या दाखल्यामुळे ल च ठेवावा लागला, पण वडिलांचं नाव पहिल्यांदाच थाईत लिहिलं जात होतं, तिथे आडवं यायला काही नव्हतं. बाळासाहेब. बायकोने बोटाने टेबलावर ते पतंगाचं अक्षर काढून दाखवलं आणि म्हणाली हेच घाला. वडील 2016 ला गेले, त्यांनी थायलंड बघितलं नाही. आईचं नाव कमल, तर ते भाषांतरवाल्याने 'खामाल' टाइप केलं होतं. बायको म्हणाली अहो हा आपलाच शब्द आहे, थाईत हे नाव बायका ठेवतात, फक्त शेवटचा ल न सारखा वाजतो, कमोन.

मग भातकापणी आली आणि फू याय बान, म्हणजे गावचे मुखिया, शेतात अडकले. साक्षीदार तेच होते, दुसरे शेजारचे काका. रोज सकाळी गावच्या भोंग्यावर ते सूचना देतात, एक दिवस त्यात म्हणाले की गुरुवारी मी अम्फोला जाणारे, भारताच्या जावयाचं काम आहे, कुणाचं काही असेल तर सोबत या. इकडे भारतीय माणसाला खॅक म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ पाहुणा. त्या दिवशी भोंग्यावर ते खॅक म्हणाले नाहीत, लुक खोई म्हणाले, जावई.

मुलाखत तासभर चालली. कधी आलात, कसं जुळलं, खर्च कसा चालवता (पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येतं, त्याचे कागद नेले होते), गावात कुणाला ओळखता. शेजारच्या काकांना विचारलं हा काय खातो, ते म्हणाले चिकट भात आमच्यासारखाच हाताने खातो. मग पलादनी पान भरून मोठ्याने वाचलं. जन्म 2524, कारण इथे बुद्ध संवत, आपल्यापेक्षा 543 ने पुढे. वडील बालासाहेप, देश इंदिया. आई कमोन.

पुस्तकाला फी नाही. पुढच्या आठवड्यात 60 बाट भरून परदेशी माणसांना मिळणारं गुलाबी ओळखपत्र पण करून घेतलं. सासूबाईंनी पिवळं पुस्तक निळ्याच्या आत सरकवलं, रबर लावलं आणि जमिनीचे कागद असतात त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्याआधी मी फोटो काढून आईला पाठवला होता. तिने विचारलं ह्यात माझं नाव कुठलं रे, मग मी त्यावर लाल गोल करून परत पाठवला.