बंदूक कोणाला आणि कशासाठी

परदेशात एखाद्या शाळेत किंवा प्रार्थनास्थळात अंदाधुंद गोळीबार झाला की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातही दोन टोकांची मते ऐकू येतात. सामान्य माणसाच्या घरात बंदूक असूच नये, असे एक जण म्हणतो. बंदूक नसेल तर बागायत रानडुकरांच्या घशात जाईल, असे दुसरा म्हणतो. आजोबांच्या काळापासून परवान्याची बंदूक असलेल्या घरात मी वाढले आणि तरीही कडक कायद्याच्या बाजूची आहे. मात्र हा कायदा माणूस आणि त्याची गरज पाहून लावला जावा, असे मला मनापासून वाटते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचे वाटते. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांची हत्या केली आणि त्यानंतर अवघ्या १२ दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने सर्व राज्यांना एका राष्ट्रीय करारासाठी राजी केले. हे सोपे नव्हते, कारण ग्रामीण मतदार हा त्यांच्या आघाडीचा मोठा आधार होता. संतापलेल्या बंदूकधारकांसमोर एका सभेत ते अंगात गोळीरोधक जाकीट घालून बोलले. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या आणि हा खर्च भागवण्यासाठी नागरिकांकडून वाढीव कर घेतला. परंतु या कराराचा गाभा मला वेगळ्याच तरतुदीत दिसतो. परवाना मागणाऱ्याने त्यासाठीचे खरे कारण दाखवले पाहिजे, आणि स्वसंरक्षण हे कारण म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही, असे त्यात ठरले. शेतकऱ्याची गरज मात्र मान्य झाली. इतरांना सहसा न मिळणाऱ्या काही प्रकारच्या बंदुकाही त्याला शेतीच्या कामासाठी ठेवता येतात.

न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेले, तेव्हा तिथल्या संसदेने महिनाभराच्या आतच बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. अमेरिकेत मात्र २०१२ साली सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेल्यानंतरही, खरेदीदाराची पार्श्वभूमी अधिक व्यापकपणे तपासण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये आवश्यक ६० मतांअभावी पडला. शस्त्र बाळगणे हा तिथे घटनादत्त हक्क आहे, त्यामुळे ‘तुम्हाला याची गरज काय’ हा प्रश्न सरकारला सहजी विचारताच येत नाही.

आपल्याकडे तो विचारता येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक हा हक्क मानलेला नाही, आणि पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असे केले, हे योग्यच झाले; पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, म्हणजे धारकाची गरज तपासण्याची वेळ लांबवली. हे मला मुळीच पटत नाही. वारसाने परवाना मिळालेला मुलगा शेती करतो की पणजीत नोकरी करतो, हे मामलेदाराच्या माणसाने बागायतीत जाऊन पाहिले पाहिजे. पीकरक्षणाच्या नावाखाली रात्री शिकारीला जाणारे आहेत आणि अंधारात जनावर समजून माणसावरच गोळी झाडली गेल्याच्या घटनाही घडतात, हे आम्ही शेतकरी कुटुंबांनीच आधी बोलले पाहिजे.

दुसरीकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका जमा कराव्या लागतात. २०२४ मध्ये आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि मतमोजणी ४ जूनला झाली. म्हणजे काजूचा जवळजवळ सगळा हंगाम त्यात गेला. आमची बंदूक हवेत बार काढून रानडुकरांना आणि खेत्यांना म्हणजे माकडांना पिटाळण्यापुरतीच वापरली जाते, तरी भावाला तेवढे महिने डबे बडवत राखण करावी लागली. वास्तविक कोणाची बंदूक जमा करायची हे प्रत्येक परवाना तपासून छाननी समितीने ठरवावे, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. गुन्ह्याची नोंद असलेला, जामिनावर सुटलेला, पूर्वी दंगलीत सापडलेला माणूस त्यातून वेगळा काढता येतो, आणि त्याची बंदूक जरूर काढून घ्यावी. २०२७ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी गोव्यातील सर्व जिल्ह्यांत ही छाननी तालुकावार आणि वेळेत व्हावी, एवढीच माझी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी आहे.