ऑक्टोबर, पहिल्या पावसाच्या आधी

कोलोमाला नगरपालिका नाही, महापौर नाही. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, जेमतेम पाचशेच्या आसपास वस्तीचं हे गाव. आख्ख्या एल डोराडो काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग) शहराचा दर्जा फक्त प्लॅसरव्हिल आणि साउथ लेक टाहो या दोघांना आहे. बाकी सगळ्या वस्त्या थेट काउंटीच्या हाताखाली. 24 जानेवारी 1848 ला जेम्स मार्शलला सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोनं दिसलं, ते इथेच. त्याआधी इथे निसेनान या मूळ रहिवासी लोकांचं गाव होतं, त्याचा उल्लेख माहितीच्या पाटीवर शेवटच्या ओळीत येतो. सोन्याच्या धामधुमीत हे काउंटीचं मुख्यालय झालं आणि 1857 मध्ये ते प्लॅसरव्हिलला गेलं. गावाचा बराच भाग आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे.

जवळच्या फॉल्सम शहराकडून राफ्टिंगला येणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतंच, इकडे घर घेतलं तर? घ्यावं. पण आधी कोणती गोष्ट कोण बघतं ते कागदावर मांडावं. चोरी-मारामारीला शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीस. हायवे 49 राज्याचा, त्याला फुटणारे काही रस्ते काउंटीचे आणि उरलेले खाजगी, म्हणजे आपले. घराच्या आगीला अग्निशमन जिल्हा (इथे जिल्हा म्हणजे एखाद्या सेवेपुरती स्थानिक संस्था), रानातल्या वणव्याला राज्याचं अग्निशमन खातं कॅल फायर. पाण्याची पाइपलाइन जिथे पोचलीय तिथे पाटबंधारे जिल्हा, नाही पोचली तिथे बोअर. सांडपाण्याला स्वतःची सेप्टिक टाकी. अशा छोट्या जिल्ह्यांची मंडळं मतदारच निवडतात. पण पुष्कळदा जागेइतकेही उमेदवार उभे राहत नाहीत, मग काउंटीचा कारभार बघणारं सुपरवायझर मंडळ माणसं नेमतं. तक्रारी मात्र भरपूर असतात!

बोअरचं पाणी इथे वाळूच्या थरातून येत नाही, खडकाच्या भेगांतून येतं. म्हणून शेजारच्याला मिनिटाला वीस गॅलन लागलं, तर आपल्याला दोन लागेल. दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर, ऐकायला फार कमी वाटतं, पण दिवसभरात ते 2,880 गॅलन होतं. अडचण येते ती एकदम मागणी वाढली की. त्यावर उपाय म्हणजे 2,500 गॅलनची साठवण टाकी. बोअर तिच्यात हळूहळू पाणी टाकतो आणि दुसरा छोटा पंप घराला दाब देतो. घर घेताना पंधरा मिनिटांची चाचणी दाखवतात, तिच्यावर जाऊ नये. चार तास सलग पंप चालवून पातळी किती खाली जाते ते बघायला सांगावं, तेही ऑक्टोबरात, कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी. मार्चमधला, हिवाळी पावसानंतरचा आकडा खोटा दिलासा देतो. पंप अचानक बंद पडला तर बोअरवाल्याला फोन लावण्याआधी विजेचा मेन बंद करून प्रेशर स्विचचं (दाब पाहून पंप चालू-बंद करणाऱ्या बटणाचं) झाकण उघडावं. मुंग्या आत शिरून कॉन्टॅक्टमध्ये चिरडल्या जातात आणि प्रवाह तुटतो.

वीज गेली की पाणीही जातं, ही गोष्ट शहरातून आलेल्याच्या लवकर ध्यानात येत नाही. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत तारांमुळे वणवा पेटू नये म्हणून वीज कंपनी मुद्दाम पुरवठा तोडते, कधी कधी दोन-तीन दिवस. बोअरचा पंप बहुधा 240 व्होल्टचा असतो आणि सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. फ्रिज आणि दिवे चालवणारा छोटा 120 व्होल्टचा जनरेटर तिथे उपयोगाचा नाही. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा तर घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा ट्रान्सफर स्विच लागतोच. नाहीतर वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो.

सेप्टिक टाकीचं गणित सोपं, पण चूक महाग पडते. हजार ते दीड हजार गॅलनची, दोन कप्प्यांची टाकी असते. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, वर साय धरते, मधलं पाणी पुढे शोषचरात, म्हणजे ते मातीत मुरवणाऱ्या चरात जातं. दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी. गाळ वाढून चरात गेला की माती बुजते, आणि मग टाकी उपसून काही होत नाही, नवे चर खणावे लागतात. चरावरून गाडी नेऊ नये, तिथे झाड लावू नये. सिंकमधलं खरकटं दळायचं यंत्र सरळ काढून टाकावं. ओले टिश्यू पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी विरघळत नाहीत.

आगीचा भाग सगळ्यात मोठा. कायद्याने घराभोवती शंभर फूट मोकळीक ठेवायची. पहिल्या पाच फुटांत जळण्यासारखं काहीच नको. शोभेचा झाडाच्या सालींचा थर नको, पायपुसणंसुद्धा नको. पाच ते तीस फुटांत वाळलेली पानं, मेलेल्या फांद्या, लाकडाचा साठा काढायचा. त्यापुढे गवत चार इंचांच्या आत आणि झाडाच्या खालच्या फांद्या जमिनीपासून सहा फूट वर. गवत सकाळी दहाच्या आत कापावं, कारण धातूचं पातं दगडावर आपटून ठिणगी उडते. गवत कापताना लागलेल्या आगी इथे नेहमीच्याच. घरं बहुतेक ज्वाळेने पेटत नाहीत, उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून पन्हळीतल्या पाइनच्या सुया काढणं आणि पोटमाळ्याच्या झरोक्यांना अष्टमांश इंचाची धातूची जाळी बसवणं, ही दोन कामं आधी. साठवण टाकीला अडीच इंची, अग्निशमनच्या आट्यांचा नळ असावा. नाहीतर बंब दारात उभा राहूनही ते पाणी त्याला मिळत नाही.

ग्रिझली फ्लॅट्स याच काउंटीतलं, असंच नगरपालिका नसलेलं. ऑगस्ट 2021 च्या कॅल्डर वणव्यात शाळा आणि पोस्टासकट जवळजवळ सगळं जळालं. तो वणवा 2,21,835 एकर पसरला. त्यानंतर इथल्या विम्याची चर्चा आणखी तापली. कंपनीने नकार दिला की 1968 पासूनची फेअर प्लॅन योजना उरते, पण ती मुख्यतः आग आणि धुरापुरती. चोरी, फुटलेला नळ, कुणी आपल्या अंगणात पडलं तर त्याची जबाबदारी, यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. घराची किंमत ठरवण्याआधी विम्याचा आकडा मागवावा.

आणि रस्ता. खाजगी रस्त्याचा खर्च वापराच्या प्रमाणात वाटून घ्यायचा असं राज्याचा कायदा म्हणतो, पण लेखी करार नसेल तर वाटा कुणाचा किती यावर शेजाऱ्यांची तोंडं वर्षानुवर्षं वाकडी राहतात. खडीच्या रस्त्याला मध्ये उंचवटा हवा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं. तो गेला की चाकोऱ्यांतून ओहोळ वाहतो आणि एका हिवाळ्यात रस्ता धुऊन जातो. ओकची पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात आणि पहिल्या जोरदार पावसात रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी साचतात. तोंड वरच्या बाजूने साफ करायचं, खालून नाही. अठरा इंची पाइप असला तरी बादलीभर पानं आणि एक फांदी त्याला पुरतात. मोरी साफ करताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. पॉयझन ओक या खाज आणणाऱ्या झुडपाची पानं गळून गेलेली असतात, पण उघड्या काटक्यांवरचं तेलही तेवढंच अंगावर उठतं.

काढलेला पालापाचोळा जाळायचा तर चार बाय चार फुटांचा ढीग, भोवती दहा फूट उघडी माती, हाताशी फावडं आणि पाण्याचा पाइप, आणि विझेपर्यंत एक मोठं माणूस तिथेच. त्या दिवशी जाळायला परवानगी आहे का, हे सकाळी हवा नियंत्रण जिल्ह्याला फोन करून विचारायचं. जाळण्यावरची बंदी उठेपर्यंत ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे. आतला पाला कोरडा राहिला तर पाऊस सुरू झाल्यावर धूर कमी होतो.