नानांचे मँडोलिन आणि यादीतला कोरा रकाना

जळगाव, आखाजीनंतरचा रविवार

आखाजीसाठी दोन्ही बहिणी माहेरी आल्या आहेत, त्यामुळे नानांच्या सामानाची यादी याच मुक्कामात पुरी करायची असे ठरले. नाना म्हणजे आमचे थोरले काका. भुसावळच्या लोको शेडमध्ये त्यांची नोकरी झाली, लग्न त्यांनी केले नाही, आणि जे काही होते ते आम्हा भावंडांसाठी ठेवून गेले. पितळी भांडी, भिंतीवरचे घड्याळ, शिसवी कपाट यांच्या किमती चटकन ठरल्या. मँडोलिनपुढचा रकाना मात्र अजून कोरा आहे. धाकट्या भावाने जुन्या मँडोलिनला मिळालेली सात आकडी रक्कम कुठेतरी वाचली आहे, थोरल्या बहिणीच्या मते ते माळ्यावरच्या अडगळीतले लाकूड आहे, आणि वाटणीच्या कागदावर यांपैकी कोणतेच मत लिहिता येत नाही.

भावाने वाचलेली रक्कम खोटी नाही, पण ती वेगळ्याच वाद्याची आहे. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात झालेली, त्यांच्या सहीची एफ-५ नमुन्याची मँडोलिने आज लाखभर डॉलरच्या घरात जातात. त्यांची पाठ व्हायोलिनसारखी कोरलेली आणि जवळजवळ सपाट असते. नानांच्या वाद्याची पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर आहे आणि ती लाकडाच्या अरुंद पट्ट्या वाकवून, कडेला कड जोडून केलेली आहे. वरची पाटी घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या पट्टीच्या, जागी मुद्दामच किंचित खाली वळवलेली आहे. आठ तारा चार जोड्यांनी लागतात. ही इटलीतल्या नेपल्सची धाटणी. एवढ्यावरून वाद्य नेपल्सचेच म्हणता येत नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत मँडोलिनची लाट आली तेव्हा सिसिलीतल्या कातानियाच्या कारखान्यांनी आणि जर्मन कारागिरांनीही याच आकाराची वाद्ये ढिगांनी बनवून बाहेर पाठवली.

दुपारी खिडकीचे पडदे ओढून, मोबाइलचा प्रकाश आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लहान आरसा घेऊन आत पाहिले. ध्वनिछिद्राच्या बरोबर समोर, पाठीच्या आतल्या बाजूला, एक फिकट चौकोन आहे. तिथे कधीकाळी कागद चिकटवलेला होता आणि तो कसरीने खाल्ला असावा. भाऊ त्यावरून हळहळला. मला तेवढे दुःख नाही. अशा चिठ्ठीवर पुष्कळदा बनवणाऱ्याऐवजी विकणाऱ्या दुकानदाराचे नाव असते, आणि मोठ्या नावाची चिठ्ठी मागाहून डकवणे तर फारच सोपे असते. वरच्या पाटीच्या आतल्या अंगाला कारागीर कधीकधी पेन्सिलीने सही किंवा आकडा लिहितात, म्हणून आरसा उलटा फिरवून तिथेही पाहिले. तिथे नुसते रंध्याचे ओरखडे आहेत.

मग जे दिसते त्यावरच भिस्त ठेवली. पाठीच्या पट्ट्या तेराच आहेत. उंची वाद्यांत त्या वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक, आणि खूप अरुंद असतात. नेपल्सच्या विनाच्चिया घराण्याच्या किंवा रोमच्या एम्बर्गरच्या, म्हणजे नामांकित कारागिरांच्या, कामाशी याचे नाते लावण्यात अर्थ नाही. खुंट्यांच्या पत्र्यावर देशाचे नाव किंवा नोंदणीची अक्षरे नाहीत. तारा अडकवण्याच्या पत्र्याचे स्क्रू एका खाचेचे आहेत, फक्त एकच स्क्रू अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा आहे. तसले स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले, म्हणजे तो एक स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचा, आणि बाकीचे बहुधा मूळचे. नाना सांगत, की भुसावळ सोडून इंग्लंडला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या घरून त्यांनी हे घेतले. त्या काळी अशी कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या गावांतून बाहेर पडली, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे. पण तिने वाद्य कोणाकडून आले एवढेच कळते, कोणी बनवले ते कळत नाही.

ध्वनिछिद्राखाली बसवलेल्या कासवी रंगाच्या तुकड्याची मला खरी काळजी होती. तो खऱ्या कासवाच्या पाठीचा असता, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा आला असता आणि किंमत ठरवणेच निरर्थक झाले असते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते. अंगठ्याने जोरात चोळल्यावर तुकड्याला कापराचा वास आला. सेल्युलॉइड बनवताना कापूर वापरतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. वाद्य शंभर वर्षांचे असू शकते, म्हणून ते परदेशी विकण्याचा विचार मात्र पुरावस्तू कायद्याची परवानगी पाहिल्याशिवाय करता येणार नाही.

किमतीचा निकाल शेवटी नावापेक्षा अवस्थेवर लागतो. पाठीच्या दोन पट्ट्यांचा सांधा उकलला आहे. जुने सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या डिंकाने, जोडलेले असतात. आमच्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि सरस हार मानतो. जाणकाराने पुन्हा सरसानेच तो जोडला तर वाद्याचे काही बिघडत नाही, पण सुताराने पांढरा गोंद भरला तर पुढची दुरुस्ती अवघड होते. पाटी घोडीखाली थोडी बसली आहे, गळा मात्र सरळ आहे. आठ तारा पूर्ण सुरात चढल्या की सत्तर किलोच्या आसपास ताण येतो, म्हणून तारा चढवून दाखवण्याचा भावाचा आग्रह मी मोडून काढला. अशी निनावी, कारखानी मँडोलिने परदेशात चांगल्या स्थितीतही बहुधा शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास विकली जातात. विक्रेते मागतात त्या किमती याच्या कितीतरी पट असतात, पण मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. इथे दुरुस्तीचाच खर्च त्याच्या बरोबरीला जाईल.

संध्याकाळी रकान्यात लिहिले: ‘नेपल्स धाटणीचे, नाममुद्रा नसलेले, अंदाजे १८९० ते १९३० दरम्यानचे मँडोलिन, दुरुस्तीयोग्य, आहे त्या स्थितीत रुपये आठ हजार.’ धाकट्या बहिणीची मुलगी व्हायोलिन शिकते, आणि दोन्ही वाद्यांचे सूर एकाच क्रमाने लागतात, म्हणून वाद्य तिच्याकडे जावे आणि तेवढी रक्कम बहिणीच्या वाट्यातून वजा व्हावी असे ठरले. तिने दुरुस्तीनंतरही हलक्याच तारा लावायच्या आहेत. भावाने सही केली, पण बनवणाऱ्याचे नाव पुढे कधी सापडले तर किंमत नव्याने ठरवावी, अशी ओळ आधी स्वतःच्या अक्षरात खाली जोडून घेतली.