अकरा नंबरची लाइन

डिसेंबर 2016. आम्ही रोज पहाटे साडेपाचला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघायचो आणि दुपारी दीडच्या आत माघारी फिरायचो. कोकणात थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो आणि पाणी ताटासारखं शांत असतं. दुपारी वायव्येचा वारा सुटला की लाटा उठतात, होडी हिसके खाते आणि केबलच्या टोकाला पाण्यात सोडलेलं आमचं यंत्र वरखाली नाचू लागतं. मग पडद्यावर समुद्राचा तळ घरावरच्या पत्र्यासारखा नागमोडी दिसतो. तसल्या चित्रातून काही वाचता येत नाही.

एका प्रस्तावित पाइपलाइनच्या मार्गाचं सर्वेक्षण करायचं होतं. किनाऱ्यापासून समुद्रात जाणारा एक पट्टा आखून दिलेला. त्या पट्ट्यात तळावर खडक कुठे, गाळ कुठे, जुने नांगर, तुटलेल्या साखळ्या, बुडालेल्या होड्या कुठे, हे आम्ही शोधायचं. मी भूगर्भशास्त्र शिकलेली. साइडस्कॅन सोनारची, म्हणजे आवाजानं समुद्रतळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राची, नोंद वाचणं हे माझं काम. सर्वेक्षणासाठी म्हणून बांधलेलं जहाज इतक्या उथळ पाण्यात परवडत नाही, म्हणून मासेमारीचा एक ट्रॉलर भाड्यानं घेतला होता. त्याचे तांडेलकाका, म्हणजे होडीचे कप्तान, साठीच्या आसपासचे, मोजकं बोलणारे. चार खलाशी होते. आमच्या टो-फिशला, म्हणजे शेपटीला पंख असलेल्या त्या स्टीलच्या नळकांड्याला, ते पहिल्या दिवसापासून 'लोखंडी सुरमई' म्हणायचे. सकाळी पाण्यात सोडताना त्यातला एक जण तिला हात लावून नमस्कार करायचा. त्याचं पाहून मीही करू लागले.

हे यंत्र कसं पाहतं ते सांगायला हवं, कारण त्या दिवशीचा सगळा प्रकार त्यावरच अवलंबून होता. टो-फिश तळापासून दहा-बारा मीटर उंचीवरून ओढत न्यायचा. तो डावीकडे आणि उजवीकडे आवाजाचे पातळ पंखे फेकतो. कानाला ऐकू न येणारा, काही लाख हर्ट्झचा आवाज. तळावर आपटून जे परत येतं, त्याची पडद्यावर एक रेघ उमटते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर पाहायचं असेल तर सेकंदाला साडेसातच ठोके बसतात. होडी चार नॉटनं, म्हणजे सेकंदाला दोन मीटर चालली, तर दर सत्तावीस-अठ्ठावीस सेंटीमीटरला एक रेघ. रेघेखाली रेघ साचत जाते आणि तळाचं चित्र तयार होतं.

या चित्रात वस्तूपेक्षा तिची सावली जास्त बोलते. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी पुळणीवर उभं राहून पाहा. कुर्ल्यांनी बिळाबाहेर टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांच्यासुद्धा लांब सावल्या पडलेल्या असतात. भर दुपारी त्याच गोळ्या नजरेला येत नाहीत. टो-फिश तळाजवळून नेतात तो यासाठीच. आवाज तिरका पडला पाहिजे. उभ्या वस्तूमागे आवाज पोचत नाही, तिथे काळा डाग राहतो, आणि त्या डागाच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते.

मात्र बरोबर खाली, फिशच्या पोटाखाली, हे यंत्र जवळजवळ आंधळं असतं. तिथे आवाज सरळ पडतो, सावली उरत नाही, आणि तिथली जागा चित्रात आक्रसून जाते. शेजारच्या लाइनवरून, म्हणजे होडीनं चालायच्या आखलेल्या समांतर रेषेवरून, जाताना तो पट्टा बाजूनं दिसतो, पण लाइनी तेवढ्या जवळ आखलेल्या असतील तरच. आमच्या दीडशे मीटर अंतरावर होत्या आणि पल्ला शंभर मीटरचा. म्हणजे दोन लाइनींमधला मधला पन्नास मीटरचा पट्टा दोनदा दिसत होता, आणि प्रत्येक लाइनीच्या नेमकी खालची जागा एकदाही नीट दिसत नव्हती. अंतर कमी करा असं मी सुरुवातीला लेखी कळवलं होतं. त्यानं दिवस वाढतात, दिवसाला डिझेल लागतं, आणि उत्तर आलं की आहे ते पुरेसं आहे.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही अकरा नंबरची लाइन संपवली. पाणी बावीस मीटर खोल. तिथला तळ म्हणजे मऊ चिखल, त्या पट्ट्यात असतो तसाच. चित्रात तो सपाट, एकरंगी दिसतो, आणि त्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांच्या फळ्यांनी ओढलेल्या समांतर रेघा. नांगरलेल्या शेतावरून उडत चालल्यासारखं वाटतं. मी वहीत लिहिलं : लाइन 11, गाळ, ट्रॉलिंगच्या खुणा, लक्ष्य नाही.

"मॅडम, काय लिवलं?" काकांनी सुकाणूवरून विचारलं.

मी सांगितलं.

"काय नाय असं नका लिवू. हितं जाळी जातात."

त्यांनी केबिनमधला आपला जीपीएस माझ्याकडे वळवला. स्वस्तातला, काच तडकलेला. त्यावर तिरक्या फुल्यांची जत्रा होती. जाळं जिथे अडकलं, फाटलं, सोडून द्यावं लागलं, त्या प्रत्येक जागेवर तीस-पस्तीस वर्षांच्या मासेमारीतली एक फुली. जीपीएस येण्याआधीच्या जागा त्यांनी डोक्यात ठेवलेल्या, रत्नदुर्गावरचा दीपस्तंभ आणि मागचा डोंगर यांच्या खुणा जुळवून, आणि यंत्र आल्यावर एकेक करून त्यात भरलेल्या. मी पाच दिवस त्या होडीवर होते आणि तो पडदा एकदाही पाहिला नव्हता. समुद्रतळाचा इतका जुना नकाशा माझ्यापासून दोन हातांवर होता. आजही कुठल्याही बंदरात काम सुरू करताना मी आधी तांडेलांकडे त्या फुल्या मागते. बहुतेक जण देतात. काही देत नाहीत, कारण जिथे जाळं अडकतं तिथेच मासाही असतो, आणि ते त्यांचं पोट आहे.

त्यांची एक फुली आमच्या अकरा नंबरच्या लाइनीपासून चाळीस मीटरवर होती. मी नोंद मागे नेऊन पाहिली. फुलीच्या जवळपास, पण लाइनीच्या अगदी मधोमध, पोटाखालच्या आंधळ्या पट्टीत एक उजळ ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मगाशी मी त्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते.

ज्यांचं काम होतं त्यांचे प्रतिनिधी होडीवर होते. त्यांना दुपारच्या आत आणखी तीन लाइनी हव्या होत्या, आणि त्यांच्या हिशेबानं अकरा नंबर पूर्ण झाली होती. त्या वर्षी सर्वेक्षणातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय होता. 22 जुलैला हवाई दलाचं एएन-32 विमान चेन्नईहून अंदमानकडे जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं होतं. त्यात 29 माणसं होती. 'सागर निधी'सारखी संशोधन जहाजं शोधायला जाऊन आली आणि काही मिळालं नव्हतं. (ते मिळालं पुढे जानेवारी 2024 मध्ये, 3400 मीटर खोलीवर, पाण्याखाली स्वतः चालणाऱ्या यानाच्या सोनारनं.) मी त्या गृहस्थांना एवढंच म्हटलं की कोरा कागद म्हणजे रिकामी जागा नव्हे, आणि उद्या पाइप टाकणाऱ्या जहाजाचा नांगर यात अडकला तर आजची वही उघडली जाईल. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि अर्धा तास दिला.

वळताना एक भीतीचा क्षण आला. होडी वळते तेव्हा ओढ कमी होते आणि फिश खाली बसू लागतो. काकांना घाई कळली होती, त्यांनी वळण जरा आखूड घेतलं. पडद्यावर तळापासूनची उंची अकरा, आठ, पाच, तीन अशी उतरली. "ओढा, ओढा!" मी ओरडले. विंचवरच्या पोरानं केबल खेचली, काकांनी इंजिन वाढवलं, आणि फिश वर आला. चिखलात रुतला असता तर केबल तुटून सगळंच गेलं असतं. त्यानंतर काकांनी प्रत्येक वळण गोल आणि मोठं घेतलं.

आता आम्ही जुन्या लाइनीपासून चाळीस मीटर बाजूनं, समांतर चाललो. मी पडद्याला नाक लावून बसले होते. चिखल, जाळ्यांच्या रेघा, चिखल. मग उजव्या बाजूला चार-पाच रेघा उजळल्या, आणखी उजळल्या, आणि त्यांच्यामागे काळी जागा उघडत गेली. अर्ध्या मिनिटाच्याही आत होडी पुढे गेली होती आणि पडद्यावर एक होडी उमटली होती.

एक टोक निमुळतं, दुसरं चौकोनी. मधल्या भागात बरगड्यांसारख्या आडव्या उजळ रेषा, चौकोनी टोकाजवळ एक लखलखीत डाग. लोखंडाचा असावा, बहुधा इंजिन. भोवती तळ थोडा खरवडलेला, प्रवाहानं वस्तूभोवती चिखल उकरला जातो तसा. सावलीत एक उभी काडी स्पष्ट दिसत होती आणि तिच्या टोकाला काहीतरी लोंबकळणारं. अडकलेली जाळी असणार.

मी मोजलं. फिशची उंची 12 मीटर. वस्तूपर्यंतचं तिरकं अंतर 40 मीटर. सावली 8 मीटर. आठ गुणिले बारा भागिले अठ्ठेचाळीस : उंची 2 मीटर. लांबी तेरा मीटरच्या आसपास. मग उलट दिशेनं आणखी एक फेरी केली, कारण फिश होडीच्या साठेक मीटर मागे असतो, प्रवाहानं बाजूला सरकतो, आणि एकाच फेरीवरून जागा ठरवली तर चुकते. दोन्ही फेऱ्यांत तीच आकृती, तीच लांबी. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला होता. कोणी काही बोललं नाही. प्रतिनिधीही माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

काकांनी सुकाणू एका खलाशाकडे दिलं आणि आत आले. बराच वेळ पाहत राहिले.

"लाकडाची हाय," ते म्हणाले. "सहा शिलिंडर." मग जरा थांबून, "फयानातली असंल."

फयान म्हणजे 11 नोव्हेंबर 2009 चं वादळ. ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या आणि काही परत आल्या नाहीत. किनाऱ्यावरच्या घरांत ही तारीख सांगावी लागत नाही. योगायोग असा, की 1927 मध्ये 'तुकाराम' आणि 'जयंती' या प्रवासी बोटी बुडाल्या तोही 11 नोव्हेंबरच होता. काकांनीच ते मला सांगितलं. त्यांनी ते आजोबांकडून ऐकलेलं. फयानच्या दिवशी ते स्वतः कसेबसे जयगडच्या खाडीत शिरले होते. त्यांच्या वाडीतली एक होडी त्यांच्या मागे होती. ती शिरली नाही. तिच्यावर कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे कॅमेरा सोडला. ओळख पटवायची तर नाव, नंबर, रंग, काहीतरी दिसायला हवं. पण त्या पाण्यात तळाजवळ हातभर अंतरावरचं दिसत नाही. वीस मिनिटांच्या चित्रणात राखाडी धुकं आणि एकदा हिरव्या नायलॉनच्या जाळीचा तुकडा, हळू हलणारा. एवढंच. पाणबुड्याला पाठवणं शक्य नव्हतं. आंधळ्या पाण्यात, जुन्या जाळ्यांच्या गुंत्यात माणूस उतरवत नाहीत. शिवाय लाकूड सात वर्षांत समुद्री किड्यांनी पोखरलेलं असणार. चिखलात गाडलेला भाग तेवढा टिकतो. रंगवलेलं नाव राहिलंच असेल, तर ते चिखलाखाली.

अहवालात मी लिहिलं : बुडालेली होडी, बहुधा लाकडी, लांबी अंदाजे 13 मीटर, तळापासून उंची 2 मीटर, वर जाळी अडकलेली, ओळख पटलेली नाही. नऊ ते सोळा या लाइनींच्या मध्ये नव्या लाइनी घालायला नंतर परवानगी मिळाली. त्यांत एक मोठा नांगर आणि साखळी सापडली. पाइपचा मार्ग थोडा दक्षिणेला सरकवला गेला.

होडी सापडली त्या दिवशी दुपारी धक्क्याला लागल्यावर खलाशी सामान उतरवत होते. काका माझ्याकडे आले. नेमके अक्षांश-रेखांश त्यांना हवे होते. मी ते लिहून दिले. त्यांनी जीपीएसमधली जुनी फुली पुसली आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत नवी जागा घातली. मग म्हणाले, "मॅडम, नाळ खंय तोंड करून होती?"

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं निमुळतं टोक, पूर्व-ईशान्येला होतं. तिथून बंदर त्याच बाजूला येतं. त्यांना हे माहीत होतं, त्यांनी पडदा पाहिला होता.

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, काका, होडी बुडताना फिरते. तळावर बसताना फिरते. नंतर सात वर्षं तिच्यात जाळी अडकत होती, ट्रॉलर ओढत होते, त्यानंही फिरली असेल. ती बंदराकडे येत होती का, हे यावरून नाही सांगता येत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली.

"बरोबर हाय," म्हणाले. "पन तोंड किती अंशावर होतं?"

"सत्तर."

त्यांनी खिशातून डिझेलची पावती काढली, ती उलटी करून गुडघ्यावर ठेवली, आणि माझं पेन मागून तिच्यावर 70 लिहिलं.