झाकणापासून सुरू झालेले आकडे : आमची वाटचाल

हाताने ठोकलेल्या डब्याचे झाकण दुसऱ्या डब्याला बसत नाही. चकत्या एकाच मापाच्या असोत, ठोकणारा हात एकच असो, काठाचा व्यास अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, आणि घट्ट बसणाऱ्या झाकणाला तेवढा फरक पुष्कळ. कल्हईसाठी दहा डबे एकत्र उघडले की कोणते झाकण कशाचे हे शोधत बसावे लागे. म्हणून आमच्याकडे ठशाची सुरुवात नावाने नव्हे, आकड्याने झाली. डब्याच्या तळाला आणि झाकणाच्या आतून एकच आकडा. बंबाला तर झाकण आणि जाळी दोन्हीवर. नाव पुढे आले.

आम्ही तांब्या-पितळेची भांडी हाताने घडवतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्यावर ठोक्यांची नक्षी उठवण्याची, जी रीत आहे, तीच आमची. भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची जुनी पद्धत ठिपक्यांची आहे. टोकदार छिन्नी सरकवत हलक्या हातोडीने टिंबांची ओळ पाडायची. लग्नात दिलेल्या तांब्यावर आणि पातेल्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख अशीच असते. आम्हीही आमचे नाव आधी असेच घालत होतो. दोन अडचणी आल्या. ठिपका उथळ असतो, चिंच-मीठ आणि राखेने रोज घासल्यावर तो काही वर्षांत पुसट होतो. आणि ते अक्षर घालणाऱ्याच्या हाताचे असते. आमचे नाव कुणीही तितक्याच सहज घालू शकतो.

मग अक्षरपंच घेतले, म्हणजे टोकाला एकेक अक्षर असलेल्या, हातोडीने मारायच्या पोलादी कांड्या. बाजारात मिळणारा संच रोमन लिपीचा, 27 नगांचा. आकड्यांच्या संचात 9 नग, कारण 6 उलटा धरला की 9 होतो. मराठी आकड्यांना ही सोय नाही, दहा पंच वेगळे लागतात. ३ आणि ६ यांचा घोळ मात्र होतोच. पंच उलटा धरला तर ३ मारल्यावर ६ सारखे काहीतरी उमटते. म्हणून प्रत्येक पंचाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कानशीने एक खाच पाडून घेतली आहे. खाच अंगठ्याखाली लागली तरच हातोडी उचलायची. लहान मापात १ आणि ९ देखील एकमेकांसारखे दिसतात. 3 मिलिमीटरपेक्षा लहान मराठी आकडा आम्ही वापरत नाही.

मराठी नाव सुट्या पंचांनी नीट उमटत नाही, हे मान्य करायला आम्हाला वेळ लागला. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, आणि पंच केसभर वरखाली झाला तरी ती पायरीसारखी दिसते. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली येतो. त्यांना वेगळा पंच ठेवला तर तो शेजारच्या अक्षरावर चढतो. उपाय एकच, संपूर्ण नावाची एक डाय, म्हणजे अखंड पोलादी ठसा. पहिली डाय ज्यांच्याकडून करून घेतली त्यांनी ‘ब’ आणि ‘व’ यांच्या पोटातली जागा फार अरुंद ठेवली होती. ‘ब’मधली तिरकी रेघ थोड्याच दिवसांत उडाली आणि सगळ्या नावात ‘ब’चा ‘व’ झाला. आता आम्ही सांगूनच ठेवतो : अक्षराची उंची 4 मिलिमीटर, रेघेची जाडी 0.4 च्या आसपास, आतल्या रेघा बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळत्या. सरळ उभ्या भिंतीची रेघ धातूत अडकते आणि डाय वर ओढताना तुटते.

डायचे पोलाद ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवून कडक होणारे. ते साधारण 800 अंशांना तापवून तेलात विझवायचे आणि मग 200 ते 220 अंशांना परत तापवून ठिसूळपणा काढायचा. ही दुसरी पायरी घाईत गाळली की डाय कडक दिसते खरी, पण पहिल्या काही घावांतच कोपरा सुटतो. हातोडी बसते ते डोके मात्र मऊच राहिले पाहिजे. कडक डोक्यावर कडक हातोडी बसली की कपची उडते आणि थेट डोळ्याकडे येते. मऊ डोके मारून मारून छत्रीसारखे पसरते. पसरलेली कड दर आठवड्याला ग्राइंडरवर काढतो. चष्मा न लावता कुणी पंच धरत नाही.

आता खरा प्रश्न, ठसा कधी मारायचा? आमचा सर्वांत जास्त माल याच प्रश्नाने खाल्ला. चकती कापल्या कापल्या मारला तर पुढच्या ठोकाठोकीत अक्षरे ताणली जातात आणि मधून दबतात. मठार पूर्ण झाल्यावर मारला तर तांबे कडक झालेले असते, ठसा उथळ येतो आणि भोवतालचे मठार बिघडते. बरोबर जागा दोन्हींच्या मध्ये आहे : भांड्याचा आकार पूर्ण झाला, शेवटचा ताव दिला (तापवून मऊ केले), तेजाबात काढून स्वच्छ धुतले, की मठार सुरू करण्याआधी. तांबे लालसर तापवून पाण्यात विझवले तरी मऊच राहते, पोलादासारखे कडक होत नाही, त्यामुळे थांबावे लागत नाही. ठशाभोवती नाण्याएवढी जागा मोकळी सोडून बाकीचे मठार करतो.

जागा तळाची, पण तळाच्या मध्याची. तळ किंचित आत घेतलेला असला म्हणजे भांडे काठाच्या वर्तुळावर उभे राहते आणि ठसा ओट्याला घासत नाही.

खोलीचा हिशोब पत्र्यावर आहे. 18 गेजचा पत्रा 1.22 मिलिमीटर, 20 गेजचा 0.91. आम्ही जाडीच्या चौथ्या हिश्शापलीकडे जात नाही. 18 गेजला 0.3 पुष्कळ झाले. जास्त खोल गेले की आतून फुगवटा येतो, आणि कल्हईच्या भांड्यात हा फुगवटा फार वाईट. पळी तिथेच घासते, कथील तिथेच आधी जाते, आणि उघड्या तांब्याचा आंबट पदार्थाशी संबंध येतो. कल्हई केली की बोट फिरवून ती जागा तपासावी. उंचवटा लागला तर भांडे परत जाते. 22 गेजच्या, म्हणजे 0.71 मिलिमीटरच्या पत्र्यावर आम्ही तळाला नावाची डाय मारतच नाही. कडीच्या जाड पट्टीवर फक्त आकडा घालतो.

आधार कडकच हवा. ऐरणीचा घासून चकचकीत केलेला माथा, किंवा खोल भांड्याला उभा लोखंडी खुंट. शिसे किंवा लाकूड खाली ठेवले की अक्षर उमटण्याऐवजी सगळा तळच खचतो. ऐरण ओंडक्यावर हलत असेल तर डाय उसळते आणि नाव दुहेरी दिसते. सुट्या आकड्याला 500 ग्रॅमची हातोडी आणि एकच घाव. हलके दोन घाव घातले तर दुसरा पहिल्यावर तंतोतंत बसत नाही.

नावाच्या अखंड डायला हातोडी पुरत नाही. एक बाजू खोल, दुसरी गायब. एक टनाची आर्बर प्रेस, म्हणजे दांड्याने दाबायचे हातयंत्र, तीही अपुरी पडली. रेघा बारीक असल्या तरी आठ-नऊ अक्षरांच्या सगळ्या रेघा मिळून क्षेत्रफळ वाढते आणि दोन-तीन टनांचा दाब लागतो. फ्लायप्रेस, म्हणजे जड दांडा फिरवून स्क्रूने दाब देणारे यंत्र, आणल्यावर हे प्रकरण मिटले.

पितळेचे नियम वेगळे. ठोकून कडक झालेल्या पितळेत ताण कोंडलेला असतो. ठसा त्यात भर घालतो, आणि गोठ्यासारख्या ठिकाणच्या अमोनियाने अक्षराच्या कोपऱ्यातून तडा निघतो. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ असेच तडे जात. त्यामुळे पितळी भांडे ठशानंतर 250 ते 300 अंशांना अर्धा-पाऊण तास ठेवतो. ताण उतरतो, कडकपणा बहुतेक राहतो. ओतीव समईवर नाव साच्यातच घेतो, पंच फक्त आकड्यापुरता, तोही जाड बैठकीवर. काशावर थंडपणी पंच मारूच नये. त्यात कथील 22 टक्क्यांच्या आसपास असते, भांडे काचेसारखे फुटते. तिथे कोरणीचे यंत्र.

लेसर करून पाहिले. तांबे ते किरण परावर्तित करते, खुणा वरवरच्या राहतात आणि पितांबरीने घासून फिक्या होतात. भेटवस्तूला चालेल, रोजच्या पातेल्याला नाही.

पॉलिश करताना बफ (कापडी चाक) अक्षरांवर एकाच दिशेने फिरवला तर प्रत्येक अक्षराला शेपूट येते. दिशा बदलत, हलक्या दाबाने. अक्षरांत बसलेली पॉलिशची वडी गरम साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने काढावी लागते, नाहीतर ती पुढे काळी पडते.

आज आमचा आकडा असा : दोन अंक वर्षाचे, दोन महिन्याचे, तीन क्रमाचे, शेवटी कारागिराचे अक्षर. पूर्वी वजनही मारत होतो, कारण भांडे वजनावर विकले जाते आणि मोडीतही वजनावरच जाते. पण कल्हईने वजन वाढते, कडी बदलली की फरक पडतो, आणि धातूवरचा आकडा खोटा ठरतो. म्हणून वजन आता वहीत. त्या आकड्यासमोर पत्र्याचा गेज, कडीशिवायचे वजन आणि कल्हईची तारीख लिहिलेली असते.

चुकीचा आकडा पडला तर तो घासून पुसत नाही. घासल्यावरही खाली दबलेला धातू राहतो आणि पॉलिशनंतर जुना अंक सावलीसारखा वर येतो. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा घालतो, वहीत ‘रद्द’ लिहितो. दुरुस्तीला आलेल्या भांड्याचा तळ बदलावा लागला तर नव्या तळावर जुनाच आकडा मारतो आणि पुढे ‘दु’. कापून काढलेला तळ गिऱ्हाईक मागेल तर त्याच्या हातात देतो.